यादी कोणाची? नामावळीपासून ईमेल-पत्रापर्यंत



मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा घेताना तीन-चार तरुण मुलं आम्हाला भेटली. एक जण किल्ल्यांचे व्हिडिओ करतो, एक मुलगी नाशिकच्या खाण्यापिण्यावर लिहिते, एक जण द्राक्ष बागायतदारांसाठी माहिती देतो. हल्ली ज्यांना कंटेंट क्रिएटर म्हणतात, ती ही मंडळी. तिघांचा प्रश्न एकच होता. "सर, आम्हाला ईमेलने पत्र सुरू करायचंय. पाठवून देणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. त्यातली कोणती निवडावी?"

खरं म्हणजे हा प्रश्न संगणकवाल्यांना विचारायचा. आम्ही पडलो इतिहासवाले. पण घरी जाताना लक्षात आलं की प्रश्न नवा नाहीच. मराठीत छापलेलं नियतकालिक निघायला लागलं, तेव्हापासून प्रत्येक लिहिणाऱ्याला तो पडत आलेला आहे. वाचकापर्यंत कोणाच्या हातून जायचं? आणि वाचकांची यादी कोणाजवळ राहणार? म्हणून आजचं व्याख्यान या यादीच्या इतिहासावर. या विषयात आमचं स्वतःचं एक दुखणंही आहे. ते ओघात येईलच.

सुरुवात लांबून करायची गरज नाही. रामकुंडावर चला. बाहेरगावचं एखादं कुटुंब घाटावर उतरलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: आडनाव काय, आणि मूळ गाव कोणतं? एवढ्यावरून त्या घराचे तीर्थोपाध्याय कोण हे कळतं. मग ते गुरुजी लाल कापडात बांधलेली जुनी वही सोडतात आणि पानं उलटत उलटत तुमच्या आजोबांच्या, पणजोबांच्या नावापाशी येऊन थांबतात. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरी या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या राखलेल्या आहेत. जुनी पानं मोडीत आहेत, नंतरची देवनागरीत. आमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या घराची नोंद कधी ना कधी पाहिलेली आहे, आणि आजोबांचं अक्षर समोर आलं की माणूस क्षणभर गप्प होतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आजच्या विषयाच्या दृष्टीने या वहीतल्या तीन गोष्टी बघा. पहिली, नोंद शक्यतो यजमानाने स्वतःच्या हाताने करायची, खाली सही करायची. म्हणजे ज्याचं नाव, त्याची संमती. दुसरी, वही गुरुजींच्या घरात राहते; घाट कोणाच्याही ताब्यात असो, पेशवे गेले, इंग्रज आले, नगरपालिका झाली, वही घरातच राहिली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, या यादीला किंमत आहे. यजमानवृत्ती ही वारसाने चालणारी मालमत्ता आहे, हे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानलं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तशा यजमानांच्या गावांच्याही झाल्या. जमीनजुमला नसलेल्या माणसाची जमीन म्हणजे ती वही. या तीन गोष्टी लक्षात ठेवा: संमती, ताबा आणि किंमत. पुढचा सगळा इतिहास यांच्याभोवतीच फिरतो.

आता छापखान्याच्या काळात येऊ. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' १८४१ साली. त्या 'प्रभाकरा'त १८४८ पासून 'लोकहितवादी' या टोपणनावाने गोपाळ हरी देशमुखांनी पत्रं लिहिली. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते, पुढे न्यायखात्यात चढत गेले. आपल्या नाशिकच्या न्यायालयातही त्यांनी काम केलं. समाजाला हादरे देणारं लिखाण त्यांनी केलं, पण पत्र भाऊंचं, वर्गणीदारही भाऊंचे. आजच्या भाषेत सांगायचं तर लेखक दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर लिहीत होता. यात वाईट काही नाही. नव्या लेखकाला वाचक मिळतात, छपाईची यातायात वाचते. फक्त वाचक कोण, कुठल्या गावचे, हे लेखकाला कळत नाही.

त्या काळी वर्गणीदार मिळवणं जेवढं अवघड, तेवढंच अंक पोचवणं अवघड. टपालाचा दर अंतराप्रमाणे वाढायचा. १८५४ साली हे बदललं. देशभर एकच दर आला, चिकटवायची तिकिटं आली, हलकं पत्र अर्ध्या आण्यात कुठेही जाऊ लागलं. १८७७ साली व्हीपी सुरू झाली, १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं, १८८० साली मनिऑर्डर. मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण संपादकांच्या नावाने सांगतो, पण या चार सोयी नसत्या तर त्यातली निम्मी नावं आपल्याला ऐकायलाही मिळाली नसती. पोस्टकार्डावर वाचकाने कळवायचं, "अंक सुरू करा". अंक व्हीपीने जायचा. पोस्टमनच्या हातात पैसे पडले की वर्गणी जमा. वाचकाने व्हीपी घेतली नाही, तर अंक परत आणि जाण्याचा खर्च चालकाच्या डोक्यावर! त्यामुळे यादी स्वच्छ ठेवणं ही चैन नव्हती, पोटाचा प्रश्न होता. मेलेली नावं, बदललेले पत्ते, दोनदा व्हीपी परत पाठवणारे महाभाग यांना वेळीच काट मारावी लागे.

या सोयींचा खरा उपयोग एकट्या माणसाने कसा केला, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'निबंधमाला'. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ती सुरू केली आणि १८८१ पर्यंत चालवली. महिन्याला एक याप्रमाणे ८४ अंक, जवळजवळ सगळं लिखाण एकहाती. बातम्या नाहीत, बाजारभाव नाहीत. एका माणसाचा विचार, थेट वर्गणीदाराच्या घरी. ज्याला आज न्यूजलेटर म्हणतात, ते याहून वेगळं काय आहे? शास्त्रीबुवा सरकारी शाळेत शिक्षक. मध्ये त्यांची बदली रत्नागिरीला झाली. नोकरीने माणूस उचलून कोकणात नेला, पण 'निबंधमाला' थांबली नाही, कारण वाचकांचा धागा त्यांच्या हातात होता. पुढे त्यांनी नोकरी सोडली, आणि १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' या उद्योगांत ते टिळक-आगरकरांच्या बरोबर उभे राहिले, तेव्हा पाठीशी सात वर्षांचा वाचक होता. ही शिदोरी कोणी सरकारी हुकमाने काढून घेऊ शकत नव्हतं.

याच्या अगदी उलट गोष्ट आगरकरांची. 'केसरी' निघाला ४ जानेवारी १८८१ रोजी आणि संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले आणि १८८७ साली त्यांनी संपादकपद सोडलं. हा प्रसंग आपण विचारांच्या संघर्षाचा म्हणून शिकतो, आणि तो तसा आहेच. पण एकदा हिशेबाच्या वहीच्या बाजूनेही त्याच्याकडे बघा. जवळजवळ सात वर्षं ज्यांनी आठवड्याला आठवडा आगरकरांची वाक्यं वाचली, ते वर्गणीदार 'केसरी'पाशी राहिले. बाहेर पडताना आगरकरांच्या बरोबर त्यांची लेखणी आली आणि नाव आलं. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' निघाला, तो नव्याने वर्गणीदार जमवत. बरोबर गोपाळ कृष्ण गोखले इंग्रजी बाजू सांभाळायला. प्रकृती दम्याने पोखरलेली. १८९५ साली आगरकर गेले. 'सुधारका'चं मोठेपण वर्गणीदारांच्या संख्येवर मोजायचं नाही, हे खरं. पण ते वाचक त्यांच्याबरोबर आले असते तर त्या सात वर्षांची ओढाताण किती कमी झाली असती, असं मनात येतंच. यात कोणी कोणाला फसवलं असं नाही. यादी पत्राची होती, संपादकाची नव्हती. सुरुवातीला कोणी हा प्रश्न काढलाच नव्हता, कारण सुरुवातीला सगळे मित्र असतात!

आता अशी समजूत होऊ नये की यादी आपली झाली म्हणजे सगळं आपलं झालं. वाहून नेणारा आपला नसतो. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री आपल्या नाशकात, विजयानंद नाट्यगृहात, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस अॅक्ट आला. त्यात छापखान्यांकडून जामीन मागण्याची तरतूद होती हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच कायद्यात संशयास्पद छापील मजकूर टपालातच अडवण्याचा अधिकारही होता. म्हणजे वर्गणीदार तयार, पैसे भरलेले, अंक छापलेला, आणि तरी तो पोस्टाच्या पिशवीत अडकून पडणार. आज ईमेल पाठवलं आणि ते समोरच्याच्या स्पॅमच्या कप्प्यात गेलं, तर कारण राजकीय नसतं, पण अनुभव त्याच जातीचा असतो. मधल्या माणसाला तुमच्याबद्दल शंका आली, आणि त्याने ते तुम्हाला सांगितलंही नाही.

पोस्टाचा विषय निघालाच आहे तर एक नाशिककर म्हणून थोडा अभिमान मिरवून घेऊ. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि तिकिटं इथे छापली जाऊ लागली. त्यानंतर कुठल्याही गावच्या मराठी संपादकाने लिफाफ्यावर जे तिकीट चिकटवलं, ते बहुधा आपल्या शेजारून निघालेलं. मराठी वाङ्मयाची वर्गणीदार यादी नाशिकच्या तिकिटावर चालली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

याच काळात एक गोष्ट घडली, जिला आजचे लोक कंटेंट मार्केटिंग म्हणतील. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर तयार होत. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या वार्ता गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळाव्यात, एवढाच मूळ हेतू. पण लोक ते वाचायला लागले, त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा येऊ लागल्या, आणि त्या गृहपत्राचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. त्याच्या पाठोपाठ १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. नांगराच्या गिऱ्हाइकांपासून निघालेलं पत्र महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या घराघरात गेलं. कारण सरळ होतं. त्यांनी यादीतल्या माणसाला प्रत्येक वेळी नांगर विकायचा प्रयत्न केला नाही. वाचण्याजोगं काही दिलं, म्हणून माणूस पुढचा अंक उघडत राहिला.

आणि यादी मोठीच हवी असंही नाही. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' काढत. स्वतःच्या हाताने लिहायचं, मुलांनी वाचायचं. छपाई नाही, टपाल नाही, वर्गणी नाही. वाचक किती, तर वसतिगृहातली मुलं. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात याच माणसाने अवघ्या काही रात्रींत 'श्यामची आई' लिहिलं. तो सांगण्याचा सूर कुठे घडला असेल? ज्यांची नावं, ज्यांची घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे, अशा थोड्या वाचकांसाठी रोज लिहिण्यातून तो घडला असावा, असं आम्हाला वाटतं.

आता ईमेलकडे वळू. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर ईमेल पाठवली. सात वर्षांनी, मे १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात एकदम सुमारे चारशे जणांना पाठवून दिली. कोणी मागितली नव्हती. लोक भडकले. आपण ज्याला स्पॅम म्हणतो त्याची पहिली नोंद ही. गंमत अशी की संगणक विकलेही गेले! तेव्हापासून हा झगडा चालू आहे: यादी हाताशी आली की ती वापरायचा मोह होतो आणि संमतीचा विसर पडतो.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण मराठीची पंचाईत होती. ज्या फाँटमध्ये लिहिलं तोच समोरच्याकडे नसला तर पत्राचा चिवडा व्हायचा. लोक रोमन लिपीत मराठी लिहीत, नाहीतर मजकुराचं चित्र करून जोडत. युनिकोड रुळल्यावर ही अडचण मिटली. पहिल्यांदाच एकटा माणूस, घरबसल्या, देवनागरीत, कितीही वाचकांना पत्र पाठवू शकला. विष्णुशास्त्र्यांना हे दिसलं असतं तर त्यांनी काय केलं असतं!

आता आमचं दुखणं सांगतो. आम्ही चौघं मिळून नाशिकच्या जुन्या वाड्यांवर आणि घाटांवर दर पंधरवड्याला ईमेलने एक पत्र काढायचो. एक फुकट सेवा निवडली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण चूक बरीचशी आमची होती. एकदा एका कार्यक्रमाच्या हजेरीवहीतले दोनेकशे पत्ते आम्ही न विचारता यादीत घातले. वाटलं, आपलीच माणसं आहेत, आनंदाने वाचतील. काहींनी वाचलं. काहींनी स्पॅमचं बटण दाबलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी खातं बंद. दाद मागायला माणूस नाही, फक्त ठरावीक साच्याची उत्तरं. आमच्याकडे यादीची प्रत होती, पण ती पाच महिन्यांपूर्वीची. मधल्या काळात आलेली नावं गेली.

नावं गेली याचं एक वेळ काही नाही. पण पाठवणाऱ्याचा पत्ताही त्या सेवेनेच दिलेला होता, वाचकांची उत्तरं तिथेच येत. बंद पडण्याच्या आठवड्यात एका आजींचं उत्तर आलं होतं. लग्न होऊन परगावी गेलेल्या, माहेर सोमवार पेठेतलं. १९६९ च्या पुराचे त्यांच्या वडिलांनी काढलेले फोटो आहेत, पेटीत शोधून पाठवते, असं त्यांनी लिहिलं होतं. आम्ही ते वाचून एकमेकांना फोन केले. उत्तर सावकाश लिहू म्हणालो. नंतर ते पत्रही नाही, पत्ताही नाही. गोदेच्या त्या पुराबद्दल आम्ही जिथे बोलतो तिथे हा किस्सा सांगतो, या आशेने की तो फिरत फिरत त्यांच्या कानावर जाईल. अजून गेलेला नाही.

म्हणजे घाटावरच्या गुरुजींना जे तीन नियम न शिकवता कळत होते, त्यातले तिन्ही आम्ही मोडले होते. संमती घेतली नाही, ताबा ठेवला नाही, आणि हातातून जाईपर्यंत किंमत कळली नाही.

हे आमच्या एकट्यांचं झालं म्हणावं तर तसंही नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली. बंदीची कारणं वेगळी होती, त्यात आम्ही जात नाही. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत लाखो चाहते मिळवलेली मुलं-मुली होती, शेतात उभं राहून व्हिडिओ करणारी. एका रात्रीत त्यांचा प्रेक्षक नाहीसा झाला, कारण त्यातल्या एकाचाही पत्ता त्यांच्याकडे नव्हता. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. रेव्ह्यू नावाची पत्रसेवा ट्विटरने २०२१ च्या जानेवारीत विकत घेतली आणि दोनच वर्षांत, १८ जानेवारी २०२३ ला, बंद केली. टायनीलेटर मेलचिंपने घेतली होती, ती २९ फेब्रुवारी २०२४ ला मिटली. खुद्द मेलचिंप २०२१ साली इंट्युइटला विकली गेली. एक फरक मात्र नोंदवायला हवा. टिकटॉकचे चाहते बरोबर नेता आले नाहीत. पत्रसेवांची यादी उतरवून घेता येत होती. ज्यांनी घेतली ते दुसरीकडे जाऊन पुन्हा सुरू झाले. आगरकर आणि विष्णुशास्त्री यांच्यातला फरक तो हाच.

तर मग त्या मुलांना काय सांगायचं? आम्ही चार प्रश्न काढले. ते कुठल्याही सेवेला लावून बघा.

पहिला: यादी कधीही, पूर्ण, साध्या तक्त्यात उतरवून घेता येते का? नुसता पत्ता नव्हे. कोणी कधी नाव नोंदवलं ती तारीखसुद्धा. नामावळीत सहीबरोबर मिती असते, ती शोभेला नसते. आणि ही प्रत महिन्याच्या पहिल्या तारखेला उतरवायची. सेवा कितीही मोठी असो.

दुसरा: पत्र कोणाच्या नावाने जातं? स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाचा खर्च फार नसतो. म्हणजे सेवा बदलली तरी वाचकाला पत्र त्याच पत्त्यावरून येतं आणि त्याचं उत्तर तुमच्याच पेटीत पडतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशी तीन नावं तुमच्या कानावर येतील. पाकिटावरचा शिक्का खरा आहे हे सांगणारी ती तांत्रिक व्यवस्था आहे. सेवा ती तुमच्या डोमेनवर लावून देते का, हे विचारा. वाचकाला एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, असाही नियम आहे. संसदेने २०२३ साली केलेला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही तेच म्हणतो: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं. हजेरीवहीतून पत्ते उचलणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे भिंतीवर लावून ठेवावं.

तिसरा: पैसे कशाचे घेतात? काही सेवा यादीतल्या नावांवर आकारतात, काही पाठवलेल्या पत्रांवर, काही तुमच्या वर्गणीतला हिस्सा घेतात. सबस्टॅक वर्गणीचे दहा टक्के घेते, फुकट पत्राला काही नाही. नावांवर आकारणी असेल तर व्हीपीवाल्या संपादकाची आठवण ठेवा आणि न वाचणाऱ्यांना वेळोवेळी काढा. फुकट मर्यादा बघून हुरळून जाऊ नका. मेलचिंपची फुकट मर्यादा एकेकाळी दोन हजार पत्त्यांची होती, ती २०२३ मध्ये पाचशेवर आली. किट म्हणजे पूर्वीच्या कन्व्हर्टकिटने २०२४ मध्ये ती वाढवून दहा हजार केली. दोन्ही निर्णय त्यांचे. उद्या पुन्हा बदलतील. वर्गणी घ्यायची असेल तर आपला वाचक यूपीआयने देऊ शकतो का, हे आधी तपासा. परदेशी कार्डावरच चालणारी व्यवस्था सिन्नरच्या वाचकाच्या काय कामाची?

चौथा: मराठी नीट जाते का? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडमध्ये साधारण तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एक. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र मध्येच तोडतं आणि खाली 'पूर्ण पाहा'चा दुवा ठेवतं. त्यामुळे सजावटीने भरलेला साचा घेतला तर तुमचा शेवटचा परिच्छेद आणि नाव काढण्याचा दुवा दोन्ही खाली गाडले जातात. साधा साचा, थोडी चित्रं. पहिलं पत्र स्वतःला आणि घरच्या चार फोनवर पाठवून बघा.

कोणी विचारेल, मग सगळंच स्वतःचं का करू नये? करता येतं. बंगळुरूच्या झेरोधात कैलाश नाध यांनी तयार केलेलं लिस्टमंक हे मुक्त सॉफ्टवेअर २०१९ पासून उपलब्ध आहे. आपल्या सर्व्हरवर बसवायचं, यादी आपल्याच घरात. पण पत्रं टपालात टाकायला कोणीतरी लागतंच, ते काम अॅमेझॉनसारख्यांकडून हजार पत्रांना काही पैसे देऊन करून घ्यावं लागतं. स्वतःचा छापखाना काढला म्हणून कोणाला पोस्ट खातं काढावं लागलं नाही. आणि छापखाना काढणाऱ्यांचा किती वेळ छपाईत आणि किती कर्जात गेला, हेही इतिहासात लिहिलेलं आहे. ज्याला यंत्रात रस आहे त्याने हा मार्ग घ्यावा. बाकीच्यांनी एखादी साधी सेवा घ्यावी आणि लिहायला बसावं.

आम्ही पुन्हा सुरुवात केली आहे. सेवा कोणती, हे आम्ही त्या मुलांना सांगितलं नाही, कारण दोन वर्षांनी ते उत्तर शिळं होईल. यादी मात्र आता आमच्याकडे आहे, आणि तिची छापील प्रत एका वहीतही चिकटवलेली आहे. लाल कापड तेवढं राहिलंय.

जाता जाता एक. दाराशी आमची नोंदवही ठेवली आहे. पत्र हवं असेल त्यांनी आपलं नाव आणि ईमेल स्वतःच्या हाताने लिहावं, तारखेसकट. शेजाऱ्याचं लिहू नये. आणि कोणाच्या माहितीत सोमवार पेठेतून लग्न होऊन परगावी गेलेल्या, पुराचे फोटो सांभाळून ठेवलेल्या कोणी आजी असतील, तर त्यांना आमचा नमस्कार सांगावा. त्यांच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय.